गफूरमामू, जन्मतारीख एक जून

गफूरमामूंनी एकदा वरातीच्या घोड्याविरुद्ध तक्रार आणली होती. त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. वरात बशीरगंजच्या चौकात आली, बँडवाल्यांना जोर चढला आणि घोडा नवरदेवासकट खाली बसला तो उठेचना. शेवटी नवरदेव बाशिंग सांभाळत चालत मंडपात गेला. वऱ्हाड हसून हसून बेजार. मामू मात्र गंभीर चेहऱ्यानं घोड्याचे फोटो काढत होते, पुढून, मागून आणि बाजूनं.

दुसऱ्या दिवशी मी कोर्टात जायला काळा कोट अंगात घालतेय, तोच दारात हजर.

"वकीलीनबाई, भाडं पूर्ण घेतलं आन् घोडा निम्म्या रस्त्यात बसला. ही सेवेतली त्रुटी हाय का न्हाई?"

"मामू, जनावर आहे ते. बिथरलं असेल."

"जनावराचं मला सांगू नका. घोडा काय बोलतो का? घोडेवाला बोलतो. त्यानं आदी बोलायचं होतं, का माजा घोडा बँडला भितो म्हनून."

आता मला सांगा, यावर काय बोलायचं? कायद्यानं बघितलं तर माणूस बरोबर होता. मी घोडेवाल्याला फोन लावला, चार शब्द सुनावले, त्यानं निम्मं भाडं परत केलं. मामूंनी त्या पैशांची जिलेबी आणून गल्लीभर वाटली. एक पुडा घोडेवाल्यालाही नेऊन दिला आणि त्यातली एक जिलेबी घोड्याला चारली, ते मला नंतर कळलं.

गफूरमामू म्हणजे शेख गफूर शेख मेहबूब. बीडमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं मिक्सर, कूलर, पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. मेंदीनं लाल केलेली दाढी, कानावर टेस्टर, चष्म्याला दोरी. मी त्यांच्या डोळ्यांसमोर लहानाची मोठी झाले. शाळेत जाताना 'ए शोभाबेटा, सावलीनं जा' म्हणून ओरडायचे. पण ज्या दिवशी मी काळा कोट घातला, त्या दिवसापासून 'वकीलीनबाई' आणि 'तुमी'. मी कितीदा म्हटलं, मामू, मला शोभाच म्हणा. तर म्हणाले, "कोटाची इज्जत ठिवाया नको का?"

त्यांना हे ग्राहकाचं याड लागलं ते कोर्टाच्या आवारातल्या शिबिरात. उन्हाळ्याचे दिवस, आत पंखे चालू आणि लिंबू सरबत फुकट, म्हणून मामू जाऊन बसले. मंडपात कुणीतरी वक्ते ग्राहकाचे हक्क समजावून सांगत होते. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत खोट निघाली तर तिला 'सेवेतील त्रुटी' म्हणतात, हे वाक्य मामूंच्या कानात शिरलं आणि तिथंच मुक्कामाला राहिलं.

तेव्हापासून त्यांना जगात दुसरं काही दिसेना. एसटी उशिरा आली, सेवेतली त्रुटी. टपरीवर कटिंग चहा मागवला की कप उन्हाकडं धरून बघायचे, कुठपर्यंत भरलाय ते, आणि टपरीवाला लांबूनच हात जोडायचा. लाइट गेली की बाहेर येऊन विजेच्या खांबासमोर उभे राहणार आणि खांबाला फैलावर घेणार. सरकारी दवाखान्यात डॉक्टरनी सांगितलं की मामू, साखर वाढलीय. तर यांनी विचारलं, "डॉक्टरसाब, बॉडीची वॉरंटी संपली का काय? का पार्ट बदलून भेटल?" डॉक्टरला हसू आवरेना.

एकच माणूस त्यांना पुरून उरायचं, ते म्हणजे खैरूनमामी. मामू ताटावर बसून म्हणायचे, भाजीत मीठ कमी, त्रुटी हाय. मामी आतून ओरडायच्या, "माज्या नशिबात तुमीच एक मोठी त्रुटी हाव, मी कुटं तक्रार करू?" सगळी गल्ली ऐकायची. दोघांना मूलबाळ नव्हतं. मामी गेल्या त्यानंतर मामू दुकान लवकर उघडायला लागले आणि उशिरा बंद करायला लागले. मी एकदा रागावले, या वयात कशाला एवढी मर मर करता? तर म्हणाले, "घरी भिंती हायत. दुकानात मानसं हायत."

आणि तेच दुकान जायची वेळ आली.

दुकान भाड्याचं होतं. मूळ मालक वारले, मुलांना ते विकायचं होतं. मुलं भली. म्हणाली, मामू, पहिला हक्क तुमचा. पण दिवाळीपर्यंतच थांबतो, नाहीतर मोबाइलवाला तयार आहे. मामूंकडे थोडीफार साठवण होती, बाकीचं कर्ज काढायचं ठरलं. मामू इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून बँकेत गेले. मॅनेजरनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं, मग मामूंकडं बघितलं, मग परत कॉम्प्युटरमध्ये.

"मामू, तुमचा स्कोअर पार तळाला गेलाय. डीजेच्या गाडीचे हप्ते थकलेत तुमचे."

मामू बँकेतून थेट माझ्या ऑफिसात. खुर्चीत बसले नाहीत, उभेच.

"वकीलीनबाई, माज्या नावावर डीजे हाय म्हनं."

"काय?"

"डीजे! टेम्पो, वर भोंगे, रंगीत लाइटी. मी आंबाजोगाईच्या बँकेकून कर्ज काढून घेतलाय म्हनं. आवो, मी लग्नात कानात कापूस घालून जेवतो. खैरून असती तर घरात घेतलं नसतं तिनं मला!"

मी हसले. हसायला नको होतं, पण डीजेच्या टेम्पोवर गॉगल घालून बसलेले मामू माझ्या डोळ्यांसमोर आले, त्याला मी काय करू? मामू मात्र हसले नाहीत. "हसू नका. उद्या दुकान गेलं तर मी कुटं बसू, ते सांगा," म्हणाले. माझं हसू जागेवर थांबलं.

आपल्या नावावर काय काय कर्ज आहे आणि ते कसं फेडलंय, याचा एक अहवाल असतो, क्रेडिट रिपोर्ट. बँक कर्ज देण्याआधी तो बघते. तो आपल्यालाही मागवता येतो, वर्षातून एकदा फुकट मिळतो, आणि त्यात चूक असेल तर दुरुस्त करून मागायचा हक्क असतो. मी मामूंचा मागवला. पहिलं कर्ज फ्रिजचं, सगळे हप्ते वेळेवर. त्याच्याखाली ही डीजेची गाडी. कर्जदाराचं नाव शेख गफूर, वडिलांचं नाव शेख मेहबूब, जन्मतारीख एक जून. सालसुद्धा तेच.

एक जून वाचलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

आमच्याकडं जुन्या काळी पोराला शाळेत घालायला आणलं की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? आई सांगायची, ज्वारी काढणीला आली होती तेव्हाचा. किंवा, म्हैस विकली त्या साली. गुरुजींनी याची तारीख कुठून काढायची? शाळा उघडते जूनमध्ये. मग वय बसेल असं साल धरायचे आणि पुढं लिहायचे, एक जून. अख्खीच्या अख्खी गावं एका दिवशी जन्मलेली आहेत आमच्याकडं. माझी स्वतःची कागदावरची जन्मतारीख एक जून आहे. आई सांगते, तुझ्या वेळेला दारात पोळ्याचे बैल उभे होते. तर अशा जिल्ह्यात दोन शेख गफूर शेख मेहबूब निघणं काही नवल नाही. कॉम्प्युटरला कुठलं हे माहीत? त्यानं दोघांचा एक करून टाकला.

मी रीतसर ऑनलाइन तक्रार केली. महिनाभरानं उत्तर आलं, 'बँकेने माहिती बरोबर असल्याचे कळवले आहे.' बरोबर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आंबाजोगाईच्या त्या बँकेला आणि रिपोर्ट तयार करणाऱ्या कंपनीला अशी नोटीस धाडली की टाइप करणारी मुलगी म्हणाली, मॅडम, दोन शब्द कमी करा. दोघांनीही उत्तर दिलं नाही. मग मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. कच्चा मसुदा वाचायला दिला, तर मामूंनी त्यात 'सेवेतील त्रुटी' हे शब्द कुठं कुठं आलेत ते बोट ठेवून बघितलं आणि समाधानानं मान हलवली.

इकडं तक्रारीवरचा मामूंचा नंबर घेऊन त्याच बँकेच्या वसुलीचे फोन सुरू झाले. रोज सकाळी अकराच्या सुमाराला पूजा नावाची मुलगी फोन करायची. एकदा मी दुकानात असतानाच आला. मामूंनी मिक्सर बाजूला ठेवला, हात पुसले, फोन स्पीकरवर टाकला.

"नमस्कार, शेख गफूर शेख मेहबूब बोलताय का?"

"बोलतोय की, बेटा."

"सर, पडताळणीसाठी जन्मतारीख सांगा."

"एक जून. तुला तर पाट झाली आसंल."

"सर, आपले हप्ते थकले आहेत. कधी भरताय?"

"ती गाडी माजी न्हाई, बेटा, केस चालू हाय. तू चा पिलीस का?"

"सर, हा कॉल रेकॉर्ड होतोय."

"होऊ दे की. चा पिनं काय गुन्हा हाय का? तुज्या घरचा मिक्सर नीट झाला का? मी सांगितलं तसं कोळसा बगितला का त्याचा?"

पलीकडून हळू आवाजात, "कार्बन ना, सर? हो, बदलला. आता आवाज नाही येत."

मी कपाळावर हात मारला. वसुली करायला फोन आणि दुरुस्ती चालली मिक्सरची! "मामू, तो नंबर ब्लॉक करा. छळ आहे हा, छळ!" मी ओरडले.

"नको, नको," मामू घाईघाईनं म्हणाले, "पुरावा हाय तो."

मी तावातावानं तक्रारीत चौथी मागणी वाढवली, की तक्रारदारास फोन करणे तात्काळ थांबवावे. मामूंनी ती वाचली, कागद बाजूला ठेवला आणि मिक्सर पुढं ओढला. मला वाटलं, पटली असेल.

एक दिवस मामू मला न सांगता एसटीत बसून आंबाजोगाईला गेले. दुसऱ्या गफूरला धरून आणतो म्हणे. संध्याकाळी परत आले ते हाताला शिशाचा वास आणि चेहऱ्यावर समाधान.

"भेटला?"

"भेटला. माज्याच वयाचा हाय, पन डोळ्याला काळा गॉगल, केस काळे कुळकुळीत. मी गेलतो भांडाया. त्यानं भोंगा चालू केला आन् काय सांगू, नुसती खरखर! मी म्हनलं, थांब बे, कागदावर मालक मी हाय, माजा भोंगा आसा खरखरतो कावून? मंग खोललं त्याचं मशीन. एक तार सुटलेली, शिसं वितळवून डाग दिला."

"आणि भांडण?"

"ते राहिलं की!"

पण डीजे गफूरनं तारखेला येऊन गाडी आपली असल्याचं सांगायचं कबूल केलं होतं. माझी सगळी भिस्त त्याच्यावर.

दिवाळी तोंडावर आलेली, त्यात सुनावणीचा दिवस. सकाळी डीजे गफूरचा फोन, मांजरसुंब्याच्या घाटात ट्रक आडवा झालाय, मी अडकलोय. तारीख पुढं गेली की दुकान गेलं. मामू इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या बाकावर बसले होते, आणि पहिल्यांदाच त्यांना कशातच त्रुटी दिसत नव्हती.

बँकेचे वकील संभाजीनगरहून आलेले, एकदम कडक. उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, नाव तेच. वडिलांचं नाव तेच. जन्मतारीख तीच. एवढा योगायोग कधी असतो का?"

अध्यक्ष मॅडमनी माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं साक्षीदार नव्हता. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "मॅडम, एक विनंती आहे. या दालनात ज्यांची कागदावरची जन्मतारीख एक जून आहे, त्यांनी कृपया हात वर करावा."

आणि आधी स्वतःचा हात वर केला.

दारातल्या शिपायानं केला. टाइप करणाऱ्या बाबूनं एका हातानं टाइप करत दुसरा वर केला. फ्रिजची तक्रार घेऊन आलेल्या एका आजीनं सुनेला विचारलं, माजी कोणती गं? सुनेनं आजीचा हात धरून वर केला, वर स्वतःचाही. मागच्या बाकावर मामू दोन्ही हात वर करून उभे. आणि मग आंबाजोगाईच्या बँकेचे जे मॅनेजर फायली घेऊन आले होते, त्यांनी आधी आपल्या वकिलाकडं बघितलं, घाम पुसला आणि हळूच, खांद्यापर्यंतच, हात वर केला.

"अहो, तुम्ही कशाला!" वकील ओरडले.

"सर, खरंच आहे हो," मॅनेजर म्हणाले.

दालनात असा हशा उसळला की विचारू नका. आयोगाचे वयस्कर सदस्य चष्मा पुसत म्हणाले, "माझीही एक जूनच आहे. पण मी हात वर करू शकत नाही." अध्यक्ष मॅडमनी टेबल वाजवलं, पण त्यांचे ओठ घट्ट मिटलेले, हसू दाबलेलं दिसत होतं. त्यांनी बँकेच्या वकिलांना विचारलं, "कर्जाचा मूळ अर्ज, सही, फोटो?" वकिलांनी फाइल चाळली. मॅनेजरनी फाइल चाळली. फोटो निघाला. काळा गॉगल, काळे कुळकुळीत केस.

तेवढ्यात बाहेर धाडदिशी भोंगा वाजून बंद झाला. डीजे गफूर धापा टाकत आत. "मॅडम, मी गफूर. गाडी माजी, हप्ते बी माजे, थोडे थोडे करून भरतो. हा मानूस माज्या दारात भांडाया आला आन् माजं मशीन नीट करून गेला, पैशे बी घेतले न्हाईत. माज्या पायी त्याचं दुकान जाऊ देऊ नका."

मॅडमनी दोन्ही गफूरना शेजारी शेजारी उभं केलं, एक लाल दाढीचा, एक गॉगलवाला. वकिलांनी मान खाली घातली. निकाल आमच्या बाजूनं लागला. रिपोर्ट दुरुस्त करा, भरपाई द्या, खर्च द्या, फोन बंद करा. चारही मागण्या मान्य. मी कोर्टाच्या पायऱ्या अक्षरशः उड्या मारत उतरले. डीजे गफूरनं आनंदात भोंगा लावला आणि गफूरमामू कानात बोटं घालून टेम्पोपुढं नाचले.

दिवाळीच्या आधी कर्ज मंजूर झालं, दुकान मामूंचं झालं. गल्लीत परत जिलेबी. मी महिनाभर कोर्टात छाती पुढं काढून फिरत होते.

मग एका संध्याकाळी मामू ऑफिसात आले. निकालाची प्रत हातात, घडी करून करून मऊ झालेली.

"वकीलीनबाई, एक इचारायचं होतं. निकालात चार मागन्या हायत. त्यातली चौथी तेवडी परत घेता येती का?"

"चौथी? फोन बंद करायची?"

"हां."

"मामू, डोकं ठिकाणावर आहे का? ती मागणी मिळवायला मी किती भांडले!"

"भांडला की. लई झ्याक भांडला." मग जरा वेळ ते निकालाची घडीच नीट करत बसले. "अकरा वाजले का माजा हात आपोआप थांबतो, बगा. मिक्सर बाजूला ठिवतो, हात पुसतो. फोन वाजतच न्हाई."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"दुकानात लई मानसं येत्यात. पन ती मिक्सरचं इचारत्यात. आज भेटल का, उद्या भेटल का. ती पोरगी माजं पुरं नाव घिऊन इचारायची. आदी मीच तिला म्हनायचो, चा पिलीस का. मंग पुढं ती बी म्हनाया लागली, सर, तुम्ही जेवलात का? खैरून गेल्यापासून तेवडं एकच कोन इचारत होतं, तर ती." त्यांनी चष्मा काढला. "आता हे बंद पडलं, ह्याला सेवेतली त्रुटी म्हनता येती का?"

मला रडू आलं. दोन घरं सोडून राहते मी, रोज येता-जाता हात करते आणि जेवलात का म्हणून एकदाही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, बघते मामू, कायद्यात काय बसतं ते. ते मान हलवून उठले.

दुसऱ्या दिवशी अकराला मी कोर्टाच्या आवारात आले, लिंबाखाली उभी राहिले आणि फोन लावला. शक्य तितका गोड आवाज काढला.

"नमस्कार, शेख गफूर शेख मेहबूब बोलताय का?"

पलीकडं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बोलतोय."

"सर, पडताळणीसाठी जन्मतारीख सांगा."

"एक जून." मग ते हळूच हसले. "आन् तुजी बी एक जून. चा पिलीस का, शोभाबेटा?"

"पिले मामू. तुम्ही जेवलात का?"

"आत्ताच कुटं? जेवतो की. उद्या करशील का फोन?"

"करते."

"कर. न्हाई केलास तर त्रुटी धरीन."